अळवाच्या पानाला प्रयोगशाळेत जागा द्या: अभियांत्रिकी अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षं मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आहे. दर पावसाळ्यात एका तासाला वर्गावर जाताना मी परसातलं अळवाचं पान सोबत नेतो. टेबलावर पान पसरायचं, ड्रॉपरने त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा आणि काही न बोलता पान हळूच कलतं करायचं, एवढंच. थेंब मोत्यासारखा गोल राहतो, घरंगळतो, आणि जाताना वाटेतली धूळ उचलून नेतो. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात. मग मी पृष्ठताण शिकवायला घेतो. ज्याला थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, आकृतीत कधी कळला नव्हता, त्याला तो त्या दिवशी डोळ्यांनी दिसतो.

आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

त्या मुलाचा मला राग येत नाही. चार वर्षांत चाळीसेक विषयांचे पेपर द्यायचे असतात, तेव्हा असं विचारणं भागच असतं. पण त्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मला सव्वीस वर्षं द्यावं लागलं आहे, आणि ते बदलणं तुमच्या हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे, श्रेयांकांची (क्रेडिट्सची) वाटणी नव्याने होते आहे. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

"अळवावरचं पाणी" हा शब्दप्रयोग आपल्या जिभेवर आहे. क्षणभंगुर गोष्टीला आपण तो लावतो. गीतेतही पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान येतं. म्हणजे हे दृश्य आपल्या पूर्वजांनी नीट पाहिलं होतं, त्यातून जगण्याचा अर्थही काढला होता. पण पाणी त्या पानावर का थांबत नाही, हा प्रश्न पानाजवळ बसून विचारला तो जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने. १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं तपासताना त्याच्या लक्षात आलं की गुळगुळीत दिसणारी पानं आधी धुऊन घ्यावी लागतात आणि खडबडीत पानं मात्र स्वच्छच असतात. व्हायला हवं होतं नेमकं उलट. त्या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब फक्त उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. धुळीचा कणही असाच वरच्यावर टेकलेला असतो, त्यामुळे पानापेक्षा थेंबालाच तो जास्त घट्ट चिकटतो. कमळ आणि अळू या दोन्ही पानांचा समावेश असलेला त्याचा आणि ख्रिस्टोफ नाइनहुइसचा शोधनिबंध १९९७ साली आला. दोन वर्षांत त्या तत्त्वावरचा, पावसाने आपोआप धुतला जाणारा बाहेरच्या भिंतींचा रंग युरोपच्या बाजारात होता.

अळू आपल्या प्रत्येक परसात, मोरीच्या पाण्यावर वाढतं. आपण त्याच्या वड्या केल्या, फतफतं केलं, त्यावरून भाषा घडवली. ते पान प्रयोगशाळेत आलं नाही, कारण प्रयोगशाळा आणि परसू यांच्यामध्ये आपण शिक्षणाची एक भिंत बांधून ठेवली आहे. माझं सगळं म्हणणं त्या भिंतीबद्दल आहे.

आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला निसर्ग भेटतो कुठे? पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे तो विषय अभ्यासक्रमात आला, आणि त्याची गरज होतीच. पण त्या पेपरात निसर्ग आजारी माणसासारखा येतो. नदी प्रदूषित, जंगल तोडलेलं, वाघ कमी झालेले, आपण काय उपाय करावेत ते पाच गुणांसाठी लिहा. विद्यार्थी सहानुभूती लिहून पास होतो. ज्या झाडाबद्दल त्याने चार वाक्यं लिहिली ते झाड शंभर फुटांवर पाणी कसं चढवतं, वादळात फांदी नेमकी कुठून वाकते, हे त्याला कुणी विचारत नाही. निसर्ग हा वाचवायचा विषय आहे एवढंच त्याला कळतं. तो शिकवणारा आहे, हे कळायची सोयच नाही.

एक उदाहरण मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध येणार आहे.

जपानमध्ये ओसाका ते हाकाता या सान्यो शिंकानसेन या बुलेट ट्रेनच्या मार्गाचा जवळपास अर्धा भाग बोगद्यांतून जातो. गाडी वेगाने बोगद्यात शिरली की पुढची हवा पिचकारीतल्या दट्ट्याने दाबावी तशी दाबली जाते. दाबाची ती लाट ध्वनीच्या वेगाने बोगद्यातून धावते आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज करत बाहेर पडते. आसपासच्या वस्त्यांना हा त्रास असह्य होता आणि जपानचे आवाजाचे नियम कडक. गाडीचा वेग ताशी ३०० किलोमीटरवर न्यायचा तर हा आवाज आधी सोडवायला हवा होता.

हे काम ज्यांच्याकडे होतं ते एइजी नाकात्सु रेल्वेत अभियंता होते आणि पक्षिनिरीक्षकही होते. रोज आपल्या जगण्यात विरळ माध्यमातून दाट माध्यमात झटक्यात शिरणारा जीव कोणता, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. उत्तर होतं खंड्या. हवेपेक्षा पाणी आठशे पट दाट, तरी खंड्या सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही. लांब चोच टोकापासून डोक्याकडे अगदी सावकाश रुंदावत जाते, त्यामुळे पाण्याला बाजूला सरायला वेळ मिळतो. त्यांच्या चमूने वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत झाडून दाबाच्या लाटा मोजल्या, संगणकावर आकार तपासले, आणि सगळ्यांत चांगला ठरलेला आकार खंड्याच्या चोचीच्या फार जवळचा निघाला. १९९७ साली धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीला १५ मीटर लांबीचं नाक होतं. नाकात्सुंनी सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे हवेचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला, वीज १५ टक्क्यांनी वाचली, आणि वेग वाढला तो वेगळाच.

हा किस्सा अनेकांनी ऐकलेला असतो. त्यातलं घुबड मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. गाडीच्या टपावर विजेच्या तारेला टेकणारा पॅन्टोग्राफ असतो, वेगात त्याच्यावरून जाणारी हवा भोवरे करते आणि किंचाळते. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक दातेरी पिसं असतात. ती मोठ्या भोवऱ्याचे लहान लहान भोवरे करून टाकतात, म्हणून उंदराला घुबड येताना ऐकू येत नाही. नाकात्सुंच्या चमूने ओसाकाच्या प्राणिसंग्रहालयातून पेंढा भरलेलं घुबड मिळवलं आणि वातबोगद्यात, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून चाचणी करायच्या नळीत, ठेवून मोजमापं घेतली. आपल्याकडे घराच्या आढ्यावर घुबड बसलं की बायाबापड्यांचा जीव धास्तावतो, लोक दगड मारून त्याला हुसकावतात. माझ्या आजोळी मीही लहानपणी असा दगड मारलेला आहे. त्या पंखात काय दडलं आहे हे मला पस्तिशीत कळलं, आणि तेही कॉलेजच्या पुस्तकात नाही.

आता मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा द्रुतगती रेल्वेमार्ग शिंकानसेनच्याच तंत्रावर उभा राहतो आहे. त्यात वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. खाडीच्या काठी तिवरांच्या फांद्यांवर खंड्या बसलेला असतो. वर तो सूर मारेल आणि खाली गाडी धावेल. ठाण्या-मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या किती विद्यार्थ्यांना या दोन गोष्टींतलं नातं माहीत असेल? आणि ते नातं आपण ओसाकाहून का ऐकायचं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

इथे मी स्वतःलाच एक गोष्ट बजावून सांगतो, कारण या विषयाच्या प्रेमात पडलेले लोक इथेच घसरतात. निसर्गाची नक्कल करणं आणि निसर्गाकडून शिकणं यांत फार अंतर आहे.

वारुळाचंच घ्या. झिंबाब्वेच्या हरारे शहरात १९९६ साली ईस्टगेट सेंटर ही इमारत उभी राहिली. वास्तुविशारद मिक पीअर्स. वाळवीच्या वसाहतीच्या उष्णतेने तापलेली हवा वारुळात वर जाते, सच्छिद्र भिंतींपाशी ताजी आणि गार होते आणि पुन्हा खाली येते, ही १९६१ साली मार्टिन ल्यूशर या स्विस संशोधकाने मांडलेली कल्पना त्यांच्या डोळ्यांसमोर होती. रात्रीची गार हवा पंख्यांनी इमारतीत खेळवायची, काँक्रीटचं वस्तुमान थंड करून ठेवायचं, दिवसा तोच गारवा वापरायचा आणि तापलेली हवा वरच्या धुराड्यांतून सोडायची. एवढ्या मोठ्या कार्यालयीन इमारतीला नेहमीचा वातानुकूलन संच लावावा लागला नाही. इमारत आजही वापरात आहे.

पण वारूळ तसं चालत नाही! स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ साली दाखवून दिलं की पीअर्स यांच्यासमोरचं चित्र अपुरं होतं. वारूळ धुराड्यापेक्षा फुप्फुसासारखं वागतं, त्याचं मुख्य काम श्वासाचं. त्यानंतर २०१५ साली हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बंगळूरच्या परिसरात आपल्याच वाळवीच्या वारुळांत संवेदक घालून प्रत्यक्ष वारा मोजला. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या पातळ कडा आधी तापतात, त्यांतली हवा वर जाते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कडा आधी निवतात आणि सगळं चक्र उलटं फिरतं. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री बाहेर पडतो. वारुळाला बाहेरून एकही भोक दिसत नाही, भिंतच सच्छिद्र असते. ऊन आणि रात्र यांच्या फरकावर चालणारं हे यंत्र आहे, त्यात हलणारा एकही भाग नाही.

मला या सगळ्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की इमारत यशस्वी झाली, समज चुकीची ठरली, आणि चूक दुरुस्त झाली ती मोजमापानेच. सुताराचंही तसंच. सुतार पक्षी लाकडावर चोच आपटतो तरी त्याचा मेंदू हलत नाही, कारण त्याची कवटी धक्के शोषते, असं आपण कित्येक वर्षं शिकवलं. २०२२ साली बेल्जियमच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग यांच्या गटाने वेगवान कॅमेऱ्यांनी तपासलं तेव्हा दिसलं की कवटी धक्का शोषतच नाही, ती हातोडीसारखी ताठ राहते. धक्का शोषला असता तर लाकूड फुटलंच नसतं. मेंदू आकारानेच छोटा, त्यामुळे त्याला तो धक्का मुळात मोठा नसतो, इतकंच. मीसुद्धा जुनी गोष्ट वर्गात सांगितलेली आहे, आणि ज्या तुकड्यांना सांगितली त्यांची मला मनापासून माफी मागायची आहे.

म्हणून मी निसर्गाच्या सुरस कथांचा पेपर मागत नाही. खंड्याची गाडी, कमळाचा रंग, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळावरून सुचलेला चिकटपट्टा अशी यादी पाठ करून दहा गुण मिळवायचे असतील तर तो विषय न आलेलाच बरा. मला मोजमाप हवं आहे.

आणि मोजमापाबरोबर ठिकाणाचं भान. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचावर आहे, तिथल्या रात्री कोरड्या आणि गार असतात. तीच इमारत मुंबईत बांधली तर मे महिन्यातल्या दमट रात्रीत थंड करायला गार हवाच मिळणार नाही. पण नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर इथे हिवाळा-उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात चांगला फरक पडतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक याच फरकावर जगत होते. दख्खनच्या पठारावरचं वारूळही त्यावरच जगतं. म्हणजे इथल्या इमारतीने कसं वागावं, याचा नमुना इथल्याच माळावर उभा आहे. काचेची भिंत लावून मग तिला थंड करायला टनांनी वातानुकूलन बसवण्याआधी तो नमुना कुणी तपासायला नको का?

ठिकाण विसरलं की काय होतं, तेही आपल्या राज्यात घडून गेलं आहे. पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यातल्या लवासा या नियोजित डोंगरी शहराचा आराखडा एका अमेरिकन वास्तुरचना संस्थेने निसर्गापासून शिकण्याचं तत्त्व पुढे ठेवून केला होता. पानाच्या निमुळत्या टोकावरून पाणी ओघळतं तशी कौलं, मुंग्या आपल्या घरट्याभोवती पाणी वळवतात तसे निचऱ्याचे मार्ग, अशा कल्पना त्यात होत्या आणि त्या वाईट नव्हत्या. जगभरच्या व्याख्यानांतून त्यांचं कौतुक झालं. पण त्याच डोंगरउतारांवरच्या कामाला नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवण्याची नोटीस दिली, आणि २०१८मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. पानाचं टोक उचलून कौलाला लावता येतं. ते पान ज्या उतारावर वाढलं, तो उतार हीच मोठी रचना होती. पाऊस झेलणारी, मुरवणारी, झऱ्यांना वर्षभर पुरवणारी. हा भाग विद्यार्थ्यांना शिकवायचा तर स्थापत्यच्या प्रत्येक तुकडीने एक पावसाळा एखाद्या देवराईत आणि तिच्या शेजारच्या उघड्या उतारावर पाणी मोजत काढायला हवा. त्याला यंत्रं फार लागत नाहीत. पर्जन्यमापक, एक खाच असलेला बांध आणि रोज सकाळी उठून जायची तयारी, बस.

आता आमच्या आवारातली एक गोष्ट सांगतो. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं.

आमच्या वर्कशॉपच्या मागे, कुंपणाला लागून, पुरुषभर उंचीचं एक वारूळ होतं. नागपंचमीला आसपासच्या वस्तीतल्या बाया तिथे येऊन लाह्या-दूध ठेवत. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच्या आजूबाजूला अळंबी उगवायची. विदर्भात तिला सात्या म्हणतात, गोव्यात रोण अळमी. वारुळात वाळवी बुरशीची शेती करते आणि ही अळंबी त्याच शेतीची फुलं आहेत, हे आमच्या शिपाईमामांना शब्दांत माहीत नव्हतं. पण अळंबी कुठल्या पावसाला, कुठल्या बाजूला येणार ते त्यांना बरोबर कळायचं.

शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांनी प्रकल्पासाठी ते वारूळ निवडलं. दोघंही शेतकरी घरातली. त्यांचा विचार साधा होता: वारुळाच्या कडांत आणि मध्यावर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, घालायची, तापमान चोवीस तास नोंदवायचं आणि बंगळूरला दिसलं ते आपल्या हवेत दिसतं का ते पाहायचं. प्रकल्प मंजूर होताना पहिला आक्षेप आला तो असा की यात "प्रॉडक्ट" काय? दुसरा, याला मार्गदर्शक जीवशास्त्राचा हवा, आणि जीवशास्त्र विभाग आपल्याकडे नाही. मी हट्ट धरला, विभागाने ऐकलं, मुलं कामाला लागली. पहाटे पाचला मफलर गुंडाळून ती वारुळापाशी असायची. भोकं पाडली तर वाळवी ती किती वेळात बुजवते, हे त्यांनी कुणी न सांगता टिपून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत मी पाहिलेली ती सगळ्यांत जिवंत प्रकल्पवही होती.

जानेवारीत एका सोमवारी आम्ही गेलो तर वारूळ नव्हतं. मूल्यांकन समिती येणार म्हणून शनिवार-रविवारी जेसीबी लावून मागची जागा सपाट केली होती. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. ज्यांनी ते केलं त्यांच्यावर माझा रोख नाही. स्वच्छ आवार म्हणजे सपाट आवार, असंच आपण सगळ्यांना शिकवत आलो आहोत आणि मूल्यांकनाच्या तक्त्यात वारुळाला रकाना नाही. मुलांनी घाईघाईने हीट एक्सचेंजरचा एक तयार प्रकल्प केला, गुण चांगले मिळाले. त्यांतला एक जण निरोपाच्या दिवशी म्हणाला, "सर, आमच्या बांधावर अजून तीन आहेत."

सदस्यहो, त्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. आपल्या वर्गांत बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या बांधावर काहीतरी आहे. धनगराच्या पोराला माहीत असतं की कार्तिकात माळावरून चालताना कुसळ पायजम्यात शिरतं ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. मेंढीच्या कातड्यात घुसलेलं कुसळ काढताना त्याने ते अनुभवलेलं असतं. कुसळी गवताच्या बीला मागे पीळ घातलेली लांब शेपटी असते. दव पडलं की तो पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखी रोवून घेते. इंजिन नाही, इंधन नाही, नुसतं दव आणि ऊन. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने २०२३ साली अशाच पिळाच्या इरोडियम या वनस्पतीवरून लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे बीवाहक बनवले, जे हवेतून टाकले की पाऊस-उन्हाने आपणहून जमिनीत शिरतात. त्यांनी नक्कल केली नाही हे महत्त्वाचं. सपाट जमिनीवर एक शेपटी पुरत नाही हे पाहून त्यांनी तीन लावल्या. आपल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर दरवर्षी बिया उधळल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच पहिल्या सरीबरोबर वाहून जातात. हा प्रश्न आपला आहे आणि कुसळही आपलं. ज्याला दोन्ही ठाऊक आहेत तो मुलगा आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर, आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून गप्प बसलेला आहे.

त्या मुलाला बोलतं करायचं असेल तर काय करता येईल, याचा मी बराच विचार केला आहे. नवा भारदस्त पेपर नको. दुसऱ्या वर्षात दोन श्रेयांकांची एक निरीक्षणशाळा द्या, जिच्यात प्रत्येक विद्यार्थी एकच सजीव किंवा त्याची एकच रचना निवडेल आणि एक पूर्ण ऋतू ती मोजेल. सुगरणीचं घरटं किती वजन पेलतं, बांबूच्या पेराचं अंतर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कसं बदलतं, तिवराच्या पानावर मीठ कधी येतं. बांबूवर तर आख्खं सत्र निघेल: पोकळ नळी, मध्ये पेरांचे पडदे, आणि बाहेरच्या कडेकडे दाट होत जाणारे तंतू. वाकवण्याचा ताण जिथे सगळ्यांत जास्त तिथेच माल जास्त. तुळईचा धडा शिकवताना आपण पोलादी आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या छेदाची तुळई, दाखवतो, बुरूडआळीत कुणी नेत नाही.

मूल्यमापन वहीचं व्हावं, उत्पादनाचं नाही. "आम्हाला वाटलं होतं तसं निघालं नाही" हा निष्कर्षही पूर्ण गुणांना पात्र ठरावा. सुताराची कवटी असंच शिकवते. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला सहमार्गदर्शक होता यावं, त्याचे तास धरले जावेत. आज हे केवळ मैत्रीवर चालतं, नियम आड येतो. प्रत्येक आवारात काही गुंठे जमीन अशी असावी जिच्यावर गवत कापायचं नाही, जेसीबी न्यायचा नाही, आणि तसं मूल्यांकनाच्या तक्त्यात लिहिलेलं असावं. वाहतं पाणी असेल तर त्याच्या काठाला काँक्रीट करायचं नाही.

एक गोष्ट मात्र नियमात घालून घ्याच. या वह्यांत कातकऱ्यांकडून, कोळ्यांकडून, धनगरांकडून, वैदूंकडून माहिती येईल. ती कुणी सांगितली ते नोंदवलं गेलं पाहिजे. २००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे, फायद्यात वाटा देण्याची तरतूदही केली आहे. बहुतेक अभियंत्यांना हा कायदा माहीतच नसतो. उद्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने कोळ्याच्या जाळ्याच्या विणीवरून किंवा आजीने सांगितलेल्या डिंकावरून पेटंट घेतलं, आणि सांगणाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही, तर आम्ही त्याला चोरी शिकवली असा त्याचा अर्थ होईल. वही मराठीत लिहायची मुभा द्या. खंड्या, तिवर, कुसळ, पेर, वीण हे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्यात निरीक्षण आपोआप नेमकं होतं. आकडे आणि समीकरणं कुठल्याही भाषेत तीच राहतात.

उद्योगांना हे नको आहे, त्यांना सॉफ्टवेअर येणारी मुलं हवी आहेत, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. बैठकांत मी हे ऐकलेलं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. मुलांना नोकऱ्या लागायला हव्यात, माझ्याच विद्यार्थ्यांच्या घरी कर्जाचे हप्ते असतात. पण नाकात्सु बोगद्यातला आवाज सोडवायला बसले तेव्हा संगणकही वापरत होते आणि वातबोगदाही. आधी काय तपासायचं हे त्यांना सुचलं ते पक्षी निरखत आल्यामुळे. सॉफ्टवेअरला आकार द्यावा लागतो, तो कुठून आणायचा हे ते सांगत नाही. दोन श्रेयांकांनी कुणाची नोकरी जाणार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेतलात तर मी स्वखर्चाने येईन. निरीक्षणशाळेचा कच्चा आराखडा, पहिल्या दहा प्रयोगांची साधनं आणि त्यांचा खर्च, असं सगळं लिहून तयार आहे. सगळी साधनं मिळून एका चांगल्या लॅपटॉपच्या किमतीत बसतात. त्या दोन मुलांची वारुळाची वहीही सोबत आणीन. ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थांबली आहे, पुढची पानं कोरी आहेत. त्यांतला एक जण आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत गावी गेला तेव्हा त्याने बांधावरच्या तीनपैकी एका वारुळात पुन्हा थर्मोकपल घातली आणि रात्री अडीच वाजता मला फोन केला. मध्यावरची हवा बाहेरच्या कडांपेक्षा गरम होती, आणि ती वर चालली होती.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक शिक्षक